चित्रामागचा मजकूर

वेबसाइट सगळ्यांना वापरता येते की नाही हे तपासायला रविवारी सकाळी अकरा वाजता सगळं घर दुकानाच्या पुढच्या खोलीत जमलं. या घरात 'सगळे' म्हणजे दादा आणि दादांची री ओढणारे, असा अर्थ गेली चाळीस वर्षं चालत आला होता. त्यामुळे साइट सगळ्यांना वापरता येते याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. दादांनी ती शनिवारी दुपारी पाहिली होती आणि त्यांना छान वाटली होती. वहिनींना दादांपेक्षाही छान वाटली होती, कारण ती चिरंजिवांनी केली होती, आणि चिरंजिवांनी केलेलं काहीही वहिनींना बघायच्या आधीच छान वाटायचं.

दादांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आत्याला, कुणी विचारलं नव्हतं. ती खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी बसली होती, दोन फोन समोर ठेवून. रविवार असल्यामुळे दोन्ही गप्प होते. टेबलाच्या कडेला पेन्सिलीच्या चार खुणा होत्या, चिरंजिवांनी शुक्रवारी मोजपट्टी फिरवून केलेल्या. एक तारखेला साइट सुरू होणार, फोन बंद होणार, आणि हे टेबल हलवून तिथे हँडलांचे फोटो काढायची जागा होणार, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते विचारण्यात अर्थ नव्हता.

"तुला आता विश्रांती," दादा तिला म्हणाले होते. हा शब्द दादांनी त्याआधी दोनदाच वापरला होता. एकदा आईच्या बाबतीत, ती अंथरुणाला खिळली तेव्हा. आणि एकदा जुन्या ओतभट्टीच्या बाबतीत, ती मोडीत काढताना. आत्या एकोणसाठ वर्षांची होती, गुडघे ठणठणीत, आवाज त्याहून ठणठणीत, आणि विश्रांती घेऊन तिचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं ती या खिडकीत बसून दाराची हँडलं फोनवर विकत आली होती. फोनवर चित्र दिसत नाही. पलीकडच्या माणसाच्या हातात हँडल द्यायचं तर शब्दांनीच द्यावं लागतं, आणि ते ती देत असे. हे टेबल गेलं की घरात तिला बसायला खुर्च्या पुष्कळ होत्या. काम कुठेच नव्हतं.

"आलं का सगळं जुळून?" दादांनी चिरंजिवांना विचारलं.

"बाबा, काळजीच करू नका. वर्ल्ड क्लास आहे."

चिरंजीव बत्तीस वर्षांचे होते आणि कुठलीही गोष्ट वर्ल्ड क्लासच्या खाली करत नसत. पूर्णही करत नसत, पण तो वेगळा विषय. टेबलाच्या टोकाला त्यांची बायको लॅपटॉप उघडून बसली होती. सूनबाई या घरात चार वर्षांपूर्वी आली, आणि साइटचं टायपिंग, फोटोंची नावं, आकडे, मापं, हे सगळं तिने केलं होतं. म्हणून 'साइट चिरंजिवांनी केली' असं म्हणायची पद्धत पडली होती.

दादांचा आणि आत्याचा धाकटा भाऊ, ज्याला घरी नुसतं भाऊ म्हणत, मागच्या कारखान्यातून हात पुसत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्या भिंतीवर वीतभर रुंदीची छोटी छोटी खोटी दारं तीन ओळींत बसवली होती, प्रत्येक दाराला वेगळं हँडल. दार उघडलं की मागे भिंतच. गिऱ्हाइकाने हँडल दाबून बघावं एवढ्यासाठीच ती. थोरल्या बाबांचा, म्हणजे या तिघांच्या वडिलांचा, नियम होता: दोन्ही हातांत ओझं घेऊन कोपराने दार उघडलं, तरच हँडल पास. घरातली प्रत्येक व्यक्ती लहानपणापासून या भिंतीला कोपरं घासत मोठी झाली होती. साइटला मात्र कोपर लावून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण ती वर्ल्ड क्लास होती.

सगळी धावपळ एका रुग्णालयासाठी चालली होती. त्यांची नवी इमारत, चौदाशे दारं. अट एकच: हँडलं निवडायला त्यांची जी माणसं बसणार त्यांत काहींना दिसत नाही, काहींचे हात चालत नाहीत, तेव्हा साइट त्या सगळ्यांना वापरता आली पाहिजे. तपासायला त्यांच्या एक बाई येणार होत्या.

बाई वेळेवर आल्या. पांढरी काठी, पाठीला लॅपटॉपची पिशवी, पन्नाशीच्या आसपास. त्यांना दिसत नाही म्हटल्यावर घराने एका क्षणात ठरवून टाकलं की त्यांना ऐकूही येत नसणार.

"या! बसा! इथे! खुर्ची आहे!" वहिनी ओरडल्या.

दादांनी त्यांचा दंड धरून त्यांना जवळजवळ उचललंच.

"दंड सोडलात तर मला चालता येईल," बाई म्हणाल्या. "आणि प्लग कुठे आहे तेवढं सांगा."

"उजवीकडे टेबलाच्या पायाशी, जमिनीपासून एक वीत," आत्या खिडकीतून म्हणाली. बाईंनी हात नेला आणि प्लग सापडला. दादांनी आत्याकडे असं पाहिलं, की मध्ये तोंड घालायचं तुला कुणी सांगितलं.

लॅपटॉप सुरू झाला. बाईंच्या यंत्रात एक आवाज होता, तो पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा. बातम्या देणाऱ्या बाईला सर्दी झाली तर कसा येईल तसा, भावनेचा पत्ता नसलेला. चिरंजीव खुर्चीत मागे रेलले. पाठ थोपटून घ्यायची तयारी झाली होती.

साइट उघडली आणि आधी ढणाढण संगीत सुरू झालं. पडद्यावर एक दार हळूहळू उघडत होतं, त्यातून प्रकाश येत होता, आणि 'सर्वांसाठी उघडं दार' अशी फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर उमटत होती. दिसणाऱ्यांनाही ती दिसत नव्हती. संगीताखाली यंत्र काहीतरी पुटपुटत होतं.

"हे बंद कुठून करायचं?" बाईंनी विचारलं.

"चाळीस सेकंदांत आपोआप संपतं," चिरंजीव म्हणाले. "तो अनुभव आहे."

"येतोय," बाई म्हणाल्या.

अनुभव संपला. बाईंनी माऊसला हात लावला नाही, नुसती एक कळ दाबत पुढे जाऊ लागल्या. यंत्र म्हणालं, "बटण." पुन्हा कळ. "बटण." पुन्हा. "बटण. बटण. बटण."

"कसली बटणं आहेत?"

"त्यांच्यावर चित्रं आहेत ना," चिरंजीव म्हणाले. मग स्वतःच गप्प झाले. मग म्हणाले, "मेन्यू उघडायला माऊस वर न्यायचा. फार सुंदर उघडतो."

"आमच्याकडे एक गृहस्थ आहेत, त्यांना दोन्ही हात नाहीत. त्यांनी काय न्यायचं?"

भिंतीला टेकलेल्या भाऊने सवयीने आपलं कोपर चोळलं. दादा घसा खाकरून म्हणाले, "तांत्रिक बाबी आहेत. त्या होतील. मुख्य माल बघा. तीनशे बारा चित्रं आहेत, एकेक हँडल डोळ्यात तेल घालून काढलंय."

"चित्रं मला कशी कळणार, त्यामागे वर्णन लिहिलंय का?"

"प्रत्येकामागे," चिरंजीव एकदम ताठ बसले. या एका गोष्टीची त्यांना खातरी होती. "वर्णनाची एकही चौकट रिकामी नाही."

आत्याने पाहिलं, सूनबाईने डोळे मिटून घेतले. पुढे काय येणार ते त्या पोरीला ठाऊक होतं. तिने महिन्यापूर्वी नवऱ्याला सांगितलं होतं की ही वर्णनं आत्यांकडून लिहून घेऊ या. आत्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि चिरंजिवांचं हसणंही ऐकलं होतं. चौकटी दिसत तर कुणालाच नाहीत, त्यासाठी आत्याचे नखरे कोण सोसणार, असं ते म्हणाले होते. मग ते काम त्यांनी भाऊकडे नेऊन टाकलं. "काका, प्रत्येक हँडलापुढे एक ओळ लिहा. काहीही लिहा. रिकामं ठेवलं तर पास होत नाही."

भाऊ सरळ माणूस. हँडलापुढे ओळ लिही म्हटल्यावर त्याने त्या हँडलाला कारखान्यात जे म्हणतात ते लिहिलं.

बाईंनी कळ दाबली.

"चित्र," यंत्र म्हणालं. "दादाचं नाक."

दादांचा हात नाकाकडे गेला.

"चित्र. दादाचं नाक, मोठ्या मापात. चित्र. वहिनीचा रुसवा."

"काय म्हणाली ती?" वहिनींनी विचारलं.

"वहिनीचा रुसवा, काळ्या रंगात," यंत्राने सविस्तर सांगितलं.

भाऊ भिंतीत शिरायचा प्रयत्न करत होता, पण ती दारं खोटी होती. "अहो, ते कारखान्यातलं बोलणं आहे," तो म्हणाला. "त्याला दोनदा दाबावं लागतं. पहिल्यांदा दाबलं की वळत नाही, जरा गोंजारलं की वळतं. म्हणजे वाईट काही नाही त्यात. खप चांगला आहे."

"एवढी वर्षं मी तुमच्या पुढ्यात ताट ठेवत आले, भाऊजी."

"चित्र," यंत्र म्हणालं. "चिरंजिवांचा अभ्यास. अर्ध्यावर अडकतो, स्प्रिंग बदलणे."

आत्याच्या तोंडून फिस्सकन हसू निघालं आणि तिने खोकल्याचं सोंग केलं. आता चिरंजिवांचं तोंड उतरलं आणि त्यांनी तोफ वळवली. "काका, हे तुम्ही लिहिलंत? मी तुमच्यावर विश्वास टाकला."

"काहीही लिही म्हणालास."

"मी सुरुवातीलाच म्हणत होते, इतकं महत्त्वाचं काम कारखान्यात देऊ नये," वहिनी म्हणाल्या. सुरुवातीला त्या साइटचे पेढे वाटायच्या बेतात होत्या, हे त्या पाच मिनिटांत विसरल्या. मग त्यांनी दुसरं सावज शोधलं. "आणि टायपिंग तू केलंस ना गं? तुला वाचता येत नव्हतं?"

"वाचून दाखवलं होतं मी," सूनबाई शांतपणे म्हणाली. "दोनदा. दुसऱ्यांदा हे झोपले होते."

"हे कुणाला दिसत नाही हो," चिरंजीव बाईंना अजिजीने म्हणाले. "दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही."

"मला एवढंच कळतं," बाई म्हणाल्या.

त्या चिडल्या नव्हत्या. उलट, आत्याला वाटलं, त्यांना मजा येत असावी. कळ दाबत त्या पुढे जात होत्या आणि तो सर्दी झालेला आवाज एकेक करून घराची लक्तरं बाहेर टांगत होता. दादा दर वेळी नाकाला हात लावत आणि लगेच काढून घेत. आणि आत्या, जिचं टेबल एक तारखेला जाणार होतं, ती हे सगळं पोटभर ऐकत होती. तिला सुख होत होतं हे ती कशाला नाकारील?

"चित्र," यंत्र म्हणालं. "आत्याचं लग्न."

सुख तिथेच थांबलं.

"दोनशे सात नंबर," यंत्र म्हणालं. "आत्याचं लग्न. एकच नमुना. उत्पादन नाही."

बाईंची बोटं थबकली. "याचं कारण काय?" त्यांनी विचारलं. "बाकीची मला कळली. नाक लांब असणार, रुसवा कळला, अभ्यास कळला. हे कसं हँडल आहे?"

"काही नाही, पुढचं बघा," दादा म्हणाले.

"कारखान्यातली माणसं काहीबाही नावं ठेवतात," भाऊ म्हणाला.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," भाऊ म्हणाला. मालाबद्दल विचारलं की त्याला खोटं बोलता येत नसे. तेवढ्या एका बाबतीत तो थोरल्या बाबांवर गेला होता. त्याने दादांकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग जमिनीकडे. "म्हणजे माल उत्तम होता. गिऱ्हाईक दारात उभं होतं. दादानं परस्पर परत पाठवलं. म्हणून."

"हँडल?"

"हँडलही," भाऊ म्हणाला.

आत्या उठली नाही. तिला एकदम स्प्रिंगवाला दिसला. दर महिन्याला स्प्रिंगांचे नमुने घेऊन यायचा तो, खिशात दोन पेन्सिली, बोलताना आधी पायांकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. त्याने दादांना विचारलं होतं, आणि मग दादा तिला म्हणाले होते, तोच नाही म्हणाला, जाऊ दे. त्यानंतर तो आला नाही. स्प्रिंगा पार्सलने येऊ लागल्या. ती अठ्ठावीस वर्षांची होती. एकतीस वर्षं तिने फोनवर लोकांशी हसून बोलत स्वतःत खोट शोधली होती. आपण मोठ्याने हसतो म्हणून असेल. फार बोलतो म्हणून. त्याच्याहून दोन बोटं उंच म्हणून. कितीतरी दिवस ती वाकून चालली होती. तिला राग आला, पण त्याआधी त्या वाकून चालणाऱ्या मुलीची दया आली.

"दादा," ती म्हणाली. "तो नाही म्हणाला होता ना?"

"जुन्या गोष्टी आहेत."

"जुन्याच विचारतेय. नवीन मला कुणी सांगत नाही."

"वन्सं, परक्या माणसासमोर कशाला?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून आत्याला कळलं की वहिनींना माहीत होतं. चिरंजिवांना माहीत नव्हतं, सूनबाईला माहीत नव्हतं. घरातल्या माणसांची अशी वाटणी तिने आजवर कधी केली नव्हती.

"मी बाहेर थांबू का?" बाईंनी विचारलं.

"नको. तुम्ही बसा. तुम्ही गेलात की इथे कुणाला काही ऐकू येत नाही." आत्या दादांकडे वळली. "सांग."

दादांनी रुमाल काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चौघांत वजन असलेला. "आई अंथरुणावर होती," ते म्हणाले. "हा कारखान्यात. मी बाहेरगावी फिरतीवर. तू गेली असतीस तर फोन कुणी घेतला असता?"

त्यांनी ते इतक्या सरळपणे विचारलं, की जणू त्याचं उत्तर त्यांना आजही हवं होतं.

बाईंनी लॅपटॉपवरून हात काढून घेतले होते. त्याच म्हणाल्या, "माझी गाडी चारला आहे. ही साइट मी नापास करणार आहे, तुम्हाला कल्पना आली असेल. पण दहा हँडलांची वर्णनं आज माझ्यासमोर नीट लिहून दाखवलीत, तर पंधरा दिवसांची मुदत देता येईल. बटणांना नावं द्या, संगीत काढा, अक्षरं ठळक करा. आणि प्रत्येक पानावर सगळ्यात वर फोन नंबर. साइट कितीही चांगली केली तरी काहींना जमत नाही. त्यांना पलीकडे बोलणारं माणूस लागतं, आणि माल माहीत असलेलं माणूस लागतं. ती आमची लेखी अट आहे. फोन बंद असेल तर पुढे बोलायलाच नको."

दादांच्या जिवात जीव आला. "फोन आहे. फोन राहीलच," ते म्हणाले. "आणि हे टेबलही राहील. काय रे?"

"ऑफ कोर्स," चिरंजीव म्हणाले. "फोटो मागच्या खोलीत काढू."

"वन्संशिवाय हे दुकान आहे का?" वहिनी म्हणाल्या. "मी तर रोज म्हणते."

सकाळपासून, खरं तर शुक्रवारपासून, आत्याला एवढंच हवं होतं. टेबल, फोन, खिडकी. आता तिघांनी मिळून ते तिच्यापुढे केलं आणि तिला ते घ्यावंसं वाटेना. तिने चौघांकडे एकेक करून पाहिलं. भाऊ मान खाली घालून उभा होता, त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि त्याचाही तिला राग आला. याने एका हँडलाला नाव दिलं, पण तिला एक शब्द सांगितला नाही.

"फोन राहू दे," ती म्हणाली. "टेबलही राहू दे. मी राहीन की नाही ते मी सांगेन."

"म्हणजे?" दादा म्हणाले.

"म्हणजे विचार करते. आठ दिवस लागतील. त्याला उत्तर द्यायला तू किती घेतले होतेस?"

दादांनी रुमालाची घडी पुन्हा उलगडली. "त्याच संध्याकाळी सांगितलं," ते म्हणाले.

"मग मी फारच सावकाश आहे," आत्या म्हणाली, आणि उठून लांब टेबलाशी सूनबाईच्या शेजारी येऊन बसली. "घे गं. लिही."

पहिलं हँडल भाऊने आणून दिलं. तिने ते हातात घेतलं, डोळे उघडेच ठेवले, पण बघितलं खिडकीबाहेर, फोनवर बोलताना बघायची तसंच. "आडवं पितळी हँडल," ती सांगू लागली. "लांबी तुमच्या तळहाताएवढी. टोक जरा वर वळलेलं, त्यामुळे पिशवीचा बंद अडकतो, बाही अडकत नाही. वरून गुळगुळीत, खालून बोटांसाठी चार खळगे. थंड लागतं. दाबायला जोर मध्यम."

"याचं नाव दादाचं..." सूनबाई पुटपुटली.

"नंबर घाल."

बाई ऐकत होत्या, आणि प्रत्येक वर्णन टाइप झालं की यंत्राकडून वाचून घेत होत्या. दुसऱ्या हँडलाला त्यांनी मान हलवली. चौथ्याला म्हणाल्या, "रंग शेवटी घाला, माझ्या काही सहकाऱ्यांना थोडं दिसतं, त्यांना उपयोग होतो." आत्याने रंग शेवटी घातला. चिरंजिवांनी एकदा 'लक्झरी लूक' असे शब्द सुचवून पाहिले. बाईंनी विचारलं, तो हाताला कसा लागतो, आणि चिरंजीव कुणालातरी फोन करायचाय म्हणून बाहेर गेले. वहिनी चहा करायला गेल्या आणि त्यांनी तो बराच वेळ केला.

नऊ वर्णनं झाली. दहावं आणायला भाऊ वळला.

"दोनशे सात आण," आत्या म्हणाली.

"ताई, ते उत्पादनात नाही."

"साइटवर आहे ना? आण."

भाऊने भिंतीवरच्या खालच्या ओळीतलं एक छोटं दार बिजागरीसकट काढून आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने त्याला हात लावला नाही. ते तिने टेबलावरून दादांकडे सरकवलं.

"याचं तू सांग."

"मला कुठे येतं तुझ्यासारखं?"

"हाताला लागेल ते सांगायचं. डोळे मिट, म्हणजे जमेल."

दादांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या बाजूने बोलायला नेहमी कुणीतरी असे. वहिनी आत होत्या, चिरंजीव बाहेर होते, भाऊ भिंतीकडे बघत होता. त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

"सडपातळ आहे," ते म्हणाले.

सूनबाईच्या बोटांचा आवाज झाला.

"कडा कुठे टोचत नाहीत. हाताला... हाताला आपोआप बसतं. शोधावं लागत नाही." त्यांनी दाबलं. दार लगेच उघडलं. त्यांनी ते लावलं, करंगळीने दाबलं, पुन्हा उघडलं. "जोर लागतच नाही. स्प्रिंग हलकी आहे. आवाज नाही." ते थांबले. अंगठा हँडलावरून मागेपुढे फिरत राहिला, चाळीस वर्षं माल तपासणारा अंगठा. "खोट नाही," ते म्हणाले. "कुठेही खोट नाही यात."

आत्याने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतलं पाणी मात्र तिने कुणापासून लपवलं नाही.

"उत्पादन का थांबवलं?" तिने विचारलं. "गिऱ्हाइकं विचारतात. कारण द्यावं लागतं."

दादांनी डोळे उघडले नाहीत. "आमच्या सोयीसाठी," ते म्हणाले.

सूनबाईने टाइप केलं आणि हात मांडीवर घेतले. बाईंनी कळ दाबली. यंत्राने, जसं सगळं वाचलं होतं तसंच, सपाट आवाजात वाचलं: "दोनशे सात. सडपातळ हँडल. कडा टोचत नाहीत. हाताला आपोआप बसतं. स्प्रिंग हलकी, आवाज नाही. खोट कुठेही नाही. उत्पादन घरच्यांच्या सोयीसाठी थांबवलं."

'आमच्या'चं 'घरच्यांच्या' सूनबाईने आपल्या मनाने केलं होतं. कुणी हरकत घेतली नाही.

"शेवटचं वाक्य वर्णनात लागत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला हवं तर काढू शकता."

दादांनी डोळे उघडून बहिणीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"लागतं," आत्या म्हणाली.